धुराचे गोत्र

चहाचा घोट घेऊन आमचे साहेब परवा म्हणाले, ‘फ्यूमिड!’ ही स्तुती की तक्रार, हे शिपायाला कळेना आणि मलाही. मी बी. कॉम.; माझे इंग्रजी नावे-जमेपुरतेच. घरी शब्दकोश उघडला. फ्यूमिड म्हणजे धुरकट. मूळ लॅटिन ‘फ्यूमस’, म्हणजे धूर. आणि तो निघाला आपल्या संस्कृत ‘धूम’चा सख्खा चुलतभाऊ! तिकडे जाताना ‘ध’चा ‘फ’ झाला, इतकेच.

संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच घरच्या, हे विल्यम जोन्सने कलकत्त्यात सांगितले १७८६ साली. सिरसाळ्यात माझ्यापर्यंत ते पोहोचायला दोनशेहून अधिक वर्षे लागली. आमचे टपालच तसे!

धूर मात्र वेळेवर पोहोचला होता. शेजारच्या परळीत १९७१ साली औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. त्याला उंच धुराडे होते; धूर आभाळात जाई. आईच्या चुलीला धुराडेच नव्हते. तिचा धूर तिच्या डोळ्यांत आणि छातीत जाई.

धुराचे हे थोर गोत्र मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, ‘अन् त्यानं खोकला थांबतो का रं?’

शब्दकोशात पुन्हा पाहिले. ते दिलेले नव्हते.