लेझीम हातात, चाल पायात

परदेशी राहणारी माझी नात सध्या बॉलरूम नृत्य शिकते आहे. टँगोमध्ये म्हणे आधी नुसते चालायलाच शिकवतात. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल घसरवायचे नाही, उचलून ठेवायचे आणि अंग वर-खाली होऊ द्यायचे नाही. "आजोबा, तुमच्या लेझमीत बरं असतं, फक्त हात हलवायचे," असे ती म्हणाली. शाळेत पोरांकडून वर्षानुवर्षे लेझीम करून घेतलेल्या माणसाला हे कसे सोसावे? म्हणून हा लेखनप्रपंच.

खरे तर मुळात लेझीम हातांचीच होती. शब्द फारसी. लेजम म्हणजे सरावाचे नरम धनुष्य. त्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी लावून पैलवान खांदे कमवत. इराणच्या जोरखान्यांत असे साखळीचे धनुष्य आजही डोक्यावर धरून हलवतात, त्याला कब्बादे म्हणतात. आपल्याकडे ते हलके झाले, साखळीत चकत्या आल्या, जोडीला हलगी आणि ढोल आले. आणि ताल आला की पाय का गप्प बसतो?

या पायाला शिस्त लावण्यात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रा. माणिकराव यांचा वाटा मोठा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी आखाड्यातले व्यायाम सांघिक कवायतीच्या रूपात आणले. शेकडो मुले, एक हुकूम, एक पाऊल. गंमत पाहा, जवळपास त्याच काळात, १९२० नंतर, लंडनमध्ये नृत्यशिक्षक परिषदा भरवून टँगोची पावले ठरवून देत होते!

आमच्या शारीरिक शिक्षणात लेझमीचे दोन प्रकार, घाटी आणि हिंदुस्थानी. घाटीतले हुकूम नुसते वाचा: आठ आवाज, बैठक आवाज, आगे पाव, आगे कदम, दो फेर कदम, आगे फलांग, पीछे फलांग. पहिले दोन आवाजाचे, बाकी सगळे पायाचे! आणि अस्सल मराठी मातीतल्या खेळाचे हुकूम हिंदुस्थानीत, कारण आखाड्याची भाषाच ती होती. 

पावलाचे मर्म असे, की लेझमीचा आवाज आणि पाऊल एकाच क्षणी पडले पाहिजे. गुडघा ताठ ठेवला की धक्का कमरेत जातो आणि ताल चुकतो. मिरवणूक वळणावर आली की खरी परीक्षा. आतल्या बाजूच्याने जवळजवळ जागीच पाय मारायचा, बाहेरच्याने लांब टाकायचा, आणि रांग मात्र फुटू द्यायची नाही. हे पुस्तकातून येत नाही, शेजाऱ्याच्या खांद्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहून येते.

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात लेझीम झाली, तेव्हा आम्हा मास्तर लोकांची छाती फुगली होती. सोलापूरच्या गणपतीत ती अजूनही आहे. आधी काही आठवडे रात्री गल्लोगल्ली सराव चालतो. पण डीजेच्या भिंतीपुढे पोरे जागच्या जागी उड्या मारतात, तेव्हा जीव कळवळतो. उडी एकट्याची असते, तिला शेजारी लागत नाही.

आजोबा हलगी ऐकत वाढले, नातवाच्या कानावर आता दणदणाट आहे. चकत्या गंजल्या तर बाजारात नव्या मिळतील. शंभर जणांनी मिळून एक वळण घ्यायची रीत एकदा गेली, तर ती कुठल्या दुकानात मिळणार? ज्यांच्या गल्लीत सराव चालतो, त्यांनी नातवंडांना एकदा तरी रांगेत उभे करा. असो.