गोदीतला शुक्रवार

२४ फेब्रुवारी १९४४, बर्कनहेड

फोर्ट स्टिकीन हे मालवाहू जहाज इंग्लंडचा किनारा सोडून निघालं. सात हजार टनांवरचं हे जहाज कॅनडात बांधलेलं, वय जेमतेम दोन वर्षं. पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांची जागा भरायला तेव्हा अशी जहाजं घाईघाईने बांधली जात होती. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा होता. टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे, आणि त्यातला दोन-अडीचशे टन माल तर अगदी चटकन भडकणाऱ्या जातीचा. सोबत पोलादी पेटीत बंद केलेल्या सोन्याच्या १२४ विटा होत्या.

एप्रिलचा पहिला आठवडा, कराची

विमानांची खोकी इथे उतरली आणि जहाजात जागा झाली. युद्धाच्या दिवसांत जागा रिकामी ठेवून जहाज हाकणं कुणालाच परवडत नव्हतं. म्हणून कापसाच्या गाठी भरल्या, तेलाची पिंपं भरली, गंधक, राळ, लाकूड, भंगार, माशांचं खत भरलं. कॅप्टन अलेक्झांडर नाइस्मिथ यांना हा संसार पटला नव्हता. त्यांनी विरोध केला, पण युद्धापुढे त्यांचं काही चाललं नाही. दोन नंबरच्या खणात तळाला कापूस आणि त्याच्या वर दारूगोळा, अशी रचना झाली.

मुंबईच्या गोदीतल्या कुठल्याही मुकादमाला विचारलं असतं, तर त्याने डोक्याला हात लावला असता. कापूस आतल्या आत तासन्‌तास धुमसत राहतो, वरून पाणी ओतलं तरी गाठीच्या गाभ्यातला निखारा विझत नाही, हे या शहराला सांगायची गरज नव्हती.

बुधवार, १२ एप्रिल

जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १ नंबरच्या धक्क्याला लागलं. स्फोटकं भरलेलं जहाज वस्तीजवळच्या गोदीत आणायचं नाही, बाहेर समुद्रातच माल पडावांत उतरवून घ्यायचा, ही शांततेच्या काळातली रीत होती. इंफाळ-कोहिमाला जपानी सैन्य येऊन भिडलं होतं, आघाडीला दारूगोळा हवा होता, आणि रीत बाजूला पडली. धोक्याचा माल असल्याचं सांगणारं लाल निशाणही या जहाजावर नव्हतं. शेजारच्या जहाजांवरच्या खलाशांना आपण कशाला टेकून उभे आहोत याची कल्पना नव्हती.

स्फोटकं उतरवायला लागणारे पडाव वेळेवर आले नाहीत. इतर माल आधी निघू लागला.

शुक्रवार, १४ एप्रिल, दुपारी साडेबारा

गोदी कामगारांच्या टोळ्या जेवायला गेल्या. याच सुमारास जवळच्या जहाजांवरच्या काही जणांना फोर्ट स्टिकीनच्या हवाझडपेतून धुराची बारीक रेघ निघताना दिसली. त्या जहाजावरच्यांना ते दिसत असणारच, असं धरून प्रत्येक जण आपल्या कामाला लागला. त्या दिवसातला सगळ्यात स्वस्तात सुटणारा क्षण हाच होता. तेव्हा खण उघडा होता, आग लहान होती आणि हातात साडेतीन तास होते.

दीड ते दोन

कामगार जेवून परत खणात उतरले. गाठींच्या फटीतून धूर येताना दिसला आणि ते ओरडत वर आले. जहाजावरचे पाण्याचे पाइप सोडले गेले.

सव्वादोन

गोदीवरच्या बंबाचा माणूस मुख्य केंद्राला फोन करायला धावला. फोन लागेना, तेव्हा त्याने धोक्याच्या घंटेची काच फोडली. घंटा वाजली की ठरलेल्या हिशोबाने दोनच बंब निघत. जहाजात काय भरलंय हे फोनवर सांगता आलं असतं, घंटेवर सांगता येत नव्हतं. दोन बंब आले. खणातल्या मालाचा प्रकार कळल्यावर आणखी मागवले, पण मधली मिनिटं गेली ती गेलीच.

अडीच ते सव्वातीन

या पाऊण तासावर मी सगळ्यात जास्त अडखळतो. डेकवर चार जाणते लोक उभे होते. जहाजाचे कॅप्टन, अग्निशामक दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स, गोदीचे व्यवस्थापक कर्नल सॅडलर आणि लष्कराच्या दारूगोळा खात्याचे कॅप्टन ओबर्स्ट. ओबर्स्ट यांनी मालाची यादी पाहिली आणि जहाज इथेच बुडवा, नाहीतर ते उडेल, असं सांगितलं. पण धक्क्यालगत पाणी इतकं उथळ होतं की तळाला भोक पाडलं तरी जहाज थोडंसं बसून थांबलं असतं, दारूगोळा बुडाला नसता. मग ओढून समुद्रात न्यायचं, तर पाइप काढावे लागणार आणि आगीला मोकळं रान मिळणार. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य होतं, आणि चौघांपैकी एकालाही बाकीच्या तिघांवर हुकूम चालवायचा अधिकार नव्हता. बंदर एकाचं, जहाज दुसऱ्याचं, दारूगोळा तिसऱ्याचा, आग चौथ्याची. म्हणून पाणी मारत राहायचं, एवढंच ठरलं.

खणात एकूण ९०० टनांवर पाणी गेलं आणि नेमका त्यानेच घात केला. पाणी चढलं तशा तळाच्या जळत्या गाठी तरंगून वर सरकल्या. वर दारूगोळा होता.

तीननंतर

जहाजाच्या कुशीवर एका ठिकाणी रंग फुगून फोड येऊ लागले. आग आत कुठे आहे ते अखेर बाहेरून कळलं. तिथे भोक पाडायला पत्रा कापायचं यंत्र आणलं, ते चाललं नाही. डेक पायाला चटके देत होता, आतलं पाणी उकळत होतं. बंबवाले पाइप धरून उभेच होते.

३.५०

ज्वाळा उंच उसळल्या. जहाज सोडायचा हुकूम सुटला.

४.०६

जहाज दुभंगलं. बारा किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकावर धक्का उमटला. जलपद्मा हे चार हजार टनांचं जहाज लाटेने उचललं आणि धक्क्यावरच्या शेडवर नेऊन टाकलं. जळत्या गाठी आणि तापलेलं लोखंड मांडवी, मशीद बंदर, चिंचबंदरच्या वस्तीवर पडलं. कॅप्टन नाइस्मिथ गेले, कर्नल सॅडलर गेले. अग्निशामक दलाचे ६६ जण गेले. यातल्या कितीतरी जणांनी दोन तास त्या खणाच्या तोंडाशी उभं राहून, आत काय आहे ते माहीत असूनही, पाइप सोडला नव्हता.

सुमारे अर्ध्या तासाने

दुसरा स्फोट झाला, पहिल्यापेक्षा मोठा. मधल्या अर्ध्या तासात जखमींना उचलायला धावून आलेले लोक त्यात सापडले.

रात्र

जपान्यांनी बाँब टाकले, अशी अफवा शहरभर पसरली. सामानाची बोचकी घेऊन लोक स्टेशनांकडे निघाले. बंदरालगतची धान्याची कोठारं जळत होती. बंगालच्या दुष्काळाला वर्षही उलटलं नव्हतं, मुंबई रेशनच्या दाण्यावर जगत होती, आणि पन्नास हजार टनांवर धान्य गेलं. आग आटोक्यात यायला आणखी काही दिवस लागले.

शनिवार, १५ एप्रिल

ही बातमी जगाला प्रथम सांगितली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. इथल्या वार्ताहरांना सविस्तर लिहायची परवानगी मिळाली ती मे महिन्यात. ज्यांची घरं त्या आगीत गेली, त्यांनी आपल्याच शहरातल्या स्फोटाची हकीकत महिनाभर कानगोष्टींतून ऐकावी, हे मला त्या स्फोटाइतकंच क्रूर वाटतं.

पुढचे महिने

आठ हजार माणसांनी सात महिने खपून पाच लाख टन ढिगारा उपसला आणि गोदी पुन्हा सुरू केली. आघाडीला माल हवाच होता. चौकशी आयोगाला घातपाताचा पुरावा सापडला नाही. आग कापसात लागली आणि बहुधा कुणाच्या तरी विडी-सिगारेटने, असं अनुमान निघालं. ते चूक नसेलही. पण थोटूक टाकणारा अज्ञात हमाल एका ओळीत सापडतो आणि दारूगोळ्याखाली कापूस रचायला लावणारं युद्ध परिस्थिती म्हणून सुटतं, हे मान्य करायला मी तयार नाही. आयोगाने रचनेवर, न लावलेल्या निशाणावर आणि उशिरा कळवण्यावरही बोट ठेवलं होतं. लोकांच्या लक्षात मात्र विडी राहिली.

सोन्याची एक वीट मैलभर उडून एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली होती. त्यांनी ती परत केली आणि मिळालेलं बक्षीस मदतनिधीला दिलं. गाळ उपसताना विटा सापडत राहिल्या, अगदी १९७० च्या दशकापर्यंत, आणि सापडलेली प्रत्येक वीट यादीशी ताडून पाहता आली. माणसांची तशी यादी नव्हती. सरकारी आकडा सातशेच्या पुढचा, इतर अंदाज तेराशेपर्यंत जातात. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, तेव्हा ६६ जणांचं स्मरण होतं, आणि ते व्हायलाच हवं. त्या दुपारी पोटासाठी गोदीत आलेल्या बिगारी, हमाल, पडाववाल्यांसाठी असा दिवस नाही.