सर्पगंधेचं मोजमाप

सर्पगंधेची मुळी वैद्य-हकिमांच्या बटव्यात पिढ्यान्‌पिढ्या होती. पण चिमूटभर चूर्णात औषध किती? मुळी बदलली की गुण बदले. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमां सिद्दिकींनी तिच्यातून अजमलीन वेगळं केलं. ते नाव हकीम अजमल खानांचं. कवी म्हणून मला ही कृतज्ञता फार भावते. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी रक्तदाबावरचा मुळीचा गुण जगापुढे मांडला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये रेझर्पिन हाती आलं. सत्त्व वेगळं झालं, तेव्हाच ते मोजता आलं. मुळीत रेझर्पिन शेकडा एक भागही नसतं. पण जास्त गेलं तर रक्तदाब घसरतो, मन खचतं. म्हणून अर्काच्या बाटलीवरचं नुसतं नाव वाचू नये. आत सत्त्व किती, तेही विचारावं.