कानाची आणि यंत्राची सांगड

सन १९२७ च्या जुलै महिन्याच्या २३ तारखेस मुंबई येथें लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या नभोवाणी केंद्राचें उद्घाटन झालें. केंद्राची शक्ति अवघी दीड किलोवॅट. साध्या यंत्रावर तें तीसएक मैलांच्या टापूंतच नीट ऐकूं येई. तेव्हांच्या सातारा जिल्ह्यांतील वाळवें तालुक्याचें ठाणें जें इस्लामपूर, तें मुंबईपासून सरळ रेषेनें सुमारें १६० मैल. आणि मध्यें सह्याद्रीची भिंत. मुंबईचा स्वर इस्लामपुरास पोहोंचावा कसा, हा प्रश्न शक्तीचा होता. पोहोंचलेला स्वर कानांत शिरावा कसा, हा प्रश्न जुळणीचा होता. पहिला प्रश्न काळानें सोडविला. दुसरा मात्र खिशांत मावणाऱ्या आजच्या गाण्याच्या यंत्रापाशींही तसाच उभा आहे.

त्या काळचें सर्वांत स्वस्त ग्राहकयंत्र म्हणजे स्फटिकयंत्र. उंच बांधलेली तार, जमिनींत पुरलेली दुसरी तार, गॅलिनाचा खडा, त्यावर टेकविलेली बारीक तार आणि कानांवर हेडफोन, झालें यंत्र. असा खडा विद्युल्लहरी ओळखूं शकतो हें जगदीशचंद्र बोस यांनीं आधींच दाखविलें होतें व त्याचें अमेरिकन पेटंट त्यांस १९०४ सालीं मिळालें होतें. ह्या यंत्रास बॅटरी नाहीं, वीज नाहीं. दूरच्या केंद्रानें आकाशांत उधळलेल्या शक्तीचा जो कण तारेवर पडेल, तेवढ्यावरच पडदा हलवावयाचा. हें भांडवल इतकें तुटपुंजें कीं त्यांतला थोडाही अंश वायां जाणें परवडत नसे.

म्हणूनच त्या हेडफोनांची घडण निराळी होती. केंसाहून बारीक तारेचे हजारों वेढे लोहचुंबकाभोंवतीं गुंडाळलेले असत. एकेका कानाचा विरोध २,००० ओहम, दोहोंचा मिळून ४,००० ओहम. खड्याचा स्वतःचा विरोधही हजारोंच्या घरांतला. देणाऱ्याचा विरोध आणि घेणाऱ्याचा विरोध समान असेल तेव्हां घेणाऱ्यास अधिकांत अधिक शक्ति मिळते, हा विद्युत्शास्त्राचा नियम. टेलिफोनचें शंभर ओहमांच्या आंतलें श्रवणयंत्र कोणी ह्या खड्यास जोडलें, तर दोहोंत दोष नसूनही कानीं जवळजवळ शांतताच येई. वस्तु चांगल्या, पण सोयरीक विजोड! युरोप-अमेरिकेंतील कुटुंबें हेडफोन वाडग्यांत ठेवून सर्वांनीं मिळून ऐकत, तीं ह्या जुळणीच्याच बळावर.

इस्लामपुराएवढ्या अंतरावर मात्र खडा निरुपयोगी. तेथें स्वर मोठा करणारें व्हॉल्व्हचें यंत्रच हवें, आणि वीज नसेल तेथें त्याच्यासाठीं बॅटऱ्या हव्यात. पुढें अंतर हळूहळू मिटलें. कंपनी १९३० सालीं बुडाली व सरकारनें कारभार हातीं घेतला. १९३६ सालीं त्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. १९३८ सालीं मुंबईस दहा किलोवॅटचें लघुलहरींचें क्षेपण सुरू झालें. पुण्याचें केंद्र १९५३ सालीं आलें आणि १९६३ सालीं सांगलीचें, म्हणजे इस्लामपुरापासून केवळ पंचवीसएक मैलांवर. दूरचा स्वर शेजारीं आला.

ह्याच सुमारास यंत्रही पालटलें. अमेरिकेंत १९५४ सालीं ट्रान्झिस्टरचा खिशांतला रेडिओ बाजारांत आला आणि जपानांत १९७९ सालीं सोनी कंपनीचा वॉकमन. ह्या यंत्रांत बॅटरी असते. पण तिचा दाब थोड्या व्होल्टांचा. थोड्या दाबानें अधिक शक्ति काढावयाची तर वाटेंतील विरोध कमी हवा. यास्तव हजारों वेढ्यांच्या जागीं हलकें, थोड्या वेढ्यांचें वेटोळें आलें आणि ४,००० ओहमांचा आंकडा उतरून १६ किंवा ३२ वर आला. १९८० नंतर निओडिमियमच्या जोरदार चुंबकांनीं हें काम अधिक सोपें केलें.

आतां जुळणीचा नियमही उलटला. आजचें यंत्र शक्तीच्या कणासाठीं हपापलेलें नसतें. त्यास दाब स्थिर राखावयाचा असतो. म्हणून समानता नको; यंत्राचा स्वतःचा विरोध हेडफोनच्या विरोधाच्या एक अष्टमांशाहून अधिक नसावा, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. ३२ ओहमांच्या हेडफोनास चार ओहमांपर्यंतचें यंत्र चालेल. ह्याहून विरोध वाढला तर कांहीं हेडफोनांत खर्ज फुगतो किंवा बसतो, आणि गवयाचा आवाज त्याचा राहत नाहीं.

एक हिशेब पाहण्याजोगा आहे. यंत्र फार तर अर्धा व्होल्ट देतें असें धरूं. दाबाचा वर्ग करून त्यास विरोधानें भागलें कीं शक्ति निघते. ३२ ओहमांच्या हेडफोनास जवळजवळ ८ मिलिवॅट मिळतात. ३०० ओहमांच्यास एकही पुरता मिळत नाहीं. दोन्ही हेडफोन एका मिलिवॅटास १०० डेसिबल आवाज देणारे असले, तर पहिला १०९ पर्यंत चढतो व दुसरा ९९ वर थांबतो. दहा डेसिबलांचा फरक कानास जवळजवळ दुपटीचा वाटतो. महाग हेडफोन स्वस्त यंत्रावर मिणमिणता कां वाटतो, त्याचें उत्तर ह्या भागाकारांत आहे. आणि खरेदीपूर्वीं ओहम व डेसिबल हे दोन आंकडे कां वाचावे, त्याचेंही.

परंतु १०९ चा आंकडा पाहून आनंदण्याचें कारण नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें ८० डेसिबलांचा आवाज मोठ्या माणसानें आठवड्यास ४० तास ऐकावा; पुढें दर तीन डेसिबलांमागें हा वेळ निम्मा होतो. त्या मानानें सतत १०९ डेसिबलांस आठवड्याला तीनच मिनिटें उरतात. जगांतील शंभर कोटींहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीस अशा ऐकण्यानें धोका आहे, असें ही संघटना सांगते. आंतल्या कानांतील सूक्ष्म केंस एकदां गेले कीं पुन्हा उगवत नाहींत.

१९२७ सालीं स्वर अपुरा होता म्हणून वेटोळें यंत्राशीं जुळवावें लागलें. आज स्वर उतूं जातो, म्हणून यंत्र कानाशीं जुळवावें लागतें. तारेचे वेढे कमी झाले, चुंबक बदलले, केंद्रें जवळ आलीं. कान मात्र तोच राहिला. सांगड घालतांना शेवटचें माप त्याचेंच घ्यावयाचें असतें.