काडतूस दातांनी कसे तोडायचे?

मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात आम्ही १८५७ ची हकीकत सांगत होतो. "शिपायांना काडतूस दातांनी तोडावे लागे," असे म्हणताच एका मुलाने विचारले, "मग दात नाही का पडायचे?" अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांना काडतूस म्हणजे पितळेची चकचकीत 'बुलेट'. चूक त्याची नव्हती. शब्द समजावून द्यायचे आमच्याकडूनच राहिले होते.

आपला जुना शब्द दारूगोळा. दारू वेगळी, गोळा वेगळा. ठासणीच्या बंदुकीत दोन्ही नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासत. दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. त्यात सोरा सुमारे ७५ टक्के. सोऱ्यातून ऑक्सिजन मिळतो, म्हणून बंद नळीतही दारू जळते आणि तिचा वायू शिशाची गोळी बाहेर लोटतो.

'काडतूस' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. एका बाराची दारू आणि गोळी कागदात गुंडाळली की झाले काडतूस. १८५३ च्या एनफील्ड रायफलचे असेच होते. रायफलच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. गोळी गिरकी घेत जाते आणि नेम सुधारतो. अशा नळीत गोळी नीट उतरावी म्हणून कागदाला चरबी लावत. ती गाईची व डुकराची असल्याच्या संशयाने शिपाई खवळले. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूरला मंगल पांडे उठला. दातांनी तोडायचा होता तो हा कागद!

पुढे कागद जाऊन पितळी कवच आले. आत दारू, तोंडाशी गोळी आणि तळाशी आघाताने पेटणारी केप, म्हणजे आपल्या दिवाळीतल्या टिकलीची थोरली बहीण. हे सगळे मिळून काडतूस. उडते ती फक्त गोळी. कवच मागे राहते.

ठासणीची बंदूक भरताना चारचौघांना दिसे. आजच्या पिस्तुलाचे मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढून घेतले तरी नळीमागच्या कोठीत एक काडतूस उरू शकते. म्हणून "रिकामे आहे" यावर मुलांनी कधीही विश्वास ठेवू नये. हात न लावता तिथून निघावे आणि मोठ्यांना सांगावे.

आणि पालकहो, मूल मित्राकडे पाठवताना शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दल आपण न संकोचता बोलतो. तसेच "घरात बंदूक आहे का, कुलपात असते का?" हेही विचारूया.