सीपीयूचं झाकण कोण उघडतं?

ग्रामसंघाचं कार्यालय असो, पतसंस्था असो नाहीतर मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला घरचा असो, आपल्या प्रत्येकीच्या ओळखीचा एक जुना कॉम्प्युटर असतोच. त्यावर कापड टाकलेलं असतं आणि विचारलं तर उत्तर येतं, "बंद पडलाय." काय बंद पडलंय ते कुणी सांगत नाही, कारण कुणी उघडून पाहिलेलंच नसतं. आज त्या झाकणाचा इतिहास सांगणार आहे. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते उघडणारी माणसं कोण होती आणि आपण त्यांत का नव्हतो, हे बघू.

मुळात कॉम्प्युटर हे घरी उघडायचं यंत्र नव्हतंच. १९७५ साली अमेरिकेत अल्टेअर नावाचा एक संच निघाला. सुटे भाग टपालाने घरी यायचे आणि घेणाऱ्याने ते डाग देऊन जोडायचे. पडदा नाही, कीबोर्ड नाही, नुसते दिवे आणि खटके. तरी हौशी लोकांनी तो घेतला. मोठा बदल १९८१ साली झाला. आयबीएम कंपनीने आपला पीसी बाजारात मिळणाऱ्या भागांपासून बनवला आणि आतल्या जोडणीचे आराखडेही छापून विकले. मग इतर कंपन्यांनी तसेच भाग काढले. एका सायकलचं चाक दुसऱ्या सायकलला बसावं, तसं एका कंपनीची मेमरी दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर बसू लागली. आज आपण "रॅम वाढवून घ्या" असं सहज म्हणतो, ते त्यामुळेच शक्य झालं.

आपल्याकडे हे उशिरा पोचलं. आयबीएमने तर १९७८ मध्येच भारत सोडला होता. परदेशी मालावर जबर आयातकर होता. नोव्हेंबर १९८४ च्या सरकारी धोरणाने तो थोडा सैल केला, १९९१ नंतर आणखी सैल झाला आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांची दुकानं भरली. तिथून एक शब्द घराघरात आला, 'असेंबल्ड'. ब्रँडेड मशीन परवडत नसेल तर कॅबिनेट, बोर्ड, हार्ड डिस्क वेगवेगळी आणायची आणि ओळखीच्या पोराकडून जोडून घ्यायची.

आपल्या पट्ट्यात अशी पोरं पुष्कळ होती आणि त्याला कारण आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. मग टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली, भोसरीत छोट्या वर्कशॉपची रांग लागली. आयटीआय करून फिटर, वायरमन झालेले कामगार इथे स्थायिक झाले. असा माणूस घरी आला तरी स्वस्थ बसत नाही. मिक्सर उघडेल, रेडिओ उघडेल. अशा खटपट्या माणसांच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्याही झाकणाची भीती वाटली नाही.

भर घालण्याचा, म्हणजे अपग्रेडचा, एक प्रकार तर खास आपल्या भाषेसाठी होता. त्या काळी कॉम्प्युटरला फक्त इंग्रजी यायचं. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली. ती परम या महासंगणकासाठी ओळखली जाते, पण मला तिचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे यांनी भारतीय लिप्यांसाठी सुरू केलेलं काम सी-डॅकमध्ये आलं आणि त्यातून जिस्ट कार्ड निघालं. हे हिरव्या पट्टीसारखं कार्ड झाकण उघडून आतल्या खाचेत बसवायचं. ते बसलं की त्याच मशीनच्या पडद्यावर मराठी उमटायची. आज मोबाईलवर बोटाने 'नमस्कार' लिहिताना लक्षातही येत नाही, पण तेव्हा मराठी ही कॉम्प्युटरमध्ये वेगळी बसवायची वस्तू होती. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या सांकेतिक क्रमांकांचं राष्ट्रीय मानकही ठरलं.

दुरुस्तीच्या नादातून काय उभं राहतं त्याचं एक उदाहरण पुण्यातच आहे. कैलास काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडून रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात काम धरलं. पुढे स्वतःचं दुकान टाकलं, मग कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये भाग ठीक असायचे, पण फ्लॉपीतून शिरलेल्या व्हायरसने काम बिघडवलेलं असायचं. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि १९९०च्या दशकाच्या मध्यात त्यातून क्विक हील तयार झालं. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. व्हायरसचा धोका तेव्हा किती होता ते सांगते. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभर असंख्य मशीन बंद पाडली. हार्ड डिस्कवरचा मजकूर तर जायचाच, पण काही मशीनमध्ये बोर्डावरच्या चिपमधली मूळ सूचनाही पुसली जायची. मग चिप बदलल्याशिवाय मशीन चालूच होत नसे.

आणि वीज! कॉम्प्युटरच्या आजारांचा अर्धा इतिहास हा विजेचाच आहे. २००६ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड शहरांसाठी एक तोड निघाली. कारखान्यांनी गरजेच्या वेळी आपापले जनरेटर चालवायचे, तेवढी वाचलेली वीज शहराला द्यायची आणि जादा खर्च ग्राहकांच्या बिलातून वसूल करायचा. याला 'पुणे मॉडेल' म्हणत. शहराचं भारनियमन थांबलं. खेड तालुका मात्र त्याबाहेर होता, म्हणजे चाकणही. भोसरीतल्या मुलाचा कॉम्प्युटर सुरळीत चालायचा आणि काही मैलांवरच्या खेड्यातला दिवसातून कितीदा धप्पकन बंद व्हायचा. अशा वेळी हार्ड डिस्क खराब होते, पॉवर सप्लाय जळतो. बिघाड जास्त गावात आणि दुरुस्त करणारे शहरात, अशी ती वाटणी होती. मला हे भारनियमनापेक्षाही जास्त टोचतं.

आता आपल्याबद्दल. २००१ पासून एमएस-सीआयटी आली आणि आपल्यातल्या कित्येकींचा हात पहिल्यांदा माउसला लागला. त्या कोर्सने खूप दिलं, पण त्याचा भर वापरण्यावर होता, उघडण्यावर नाही. नाद करायला दोन गोष्टी लागतात, मोकळा वेळ आणि "बिघडलं तर बिघडलं" म्हणणारं कुणीतरी पाठीशी. मुलाच्या हातून बिघडलं तर तो शिकतोय म्हणतात. मुलीच्या हातून बिघडलं तर "कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

खरं तर बायकांचे हात या यंत्राच्या आत पहिल्यापासून आहेत. १९४६ साली जाहीर झालेल्या एनिॲक या अवाढव्य संगणकाच्या तारा आणि खटके बदलून त्याला काम लावणाऱ्या सहा जणी स्त्रिया होत्या. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाच्या संगणकाची मेमरी तर कारखान्यातल्या बायकांनी सुईने तार ओवून अक्षरशः विणली होती. आणि आज चाकण परिसरात गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या कोण बांधतं? आपल्याच मुली. रंगांच्या बारीक तारा न चुकता जागच्या जागी बसवतात. त्यांना सीपीयूच्या चार तारा जड जाव्यात का?

म्हणून जुनं मशीन टाकून देण्याआधी उघडा. आधी प्लग काढा. धूळ मऊ ब्रशने काढा. चालू होत नसेल तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा आणि परत बसवा. तारीख सारखी चुकत असेल तर बोर्डावरचा गोल सेल बदला, त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं. बोर्डावरच्या छोट्या नळकांड्यांची डोकी फुगली असतील तर मात्र जाणकाराला दाखवा. २००० सालाच्या आसपासच्या बोर्डांना तो रोगच होता. पॉवर सप्लायची पेटी कधीच उघडायची नाही, प्लग काढल्यावरही तिच्यात झटका शिल्लक असतो. मशीन फार रेंगाळत असेल तर फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घाला, कुठल्याही दुरुस्तीपेक्षा हा फरक जास्त जाणवतो.

हे आताच सांगण्याचं कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला आणि अनेक चांगली मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. दुकानदार नवीन घ्या म्हणतील. लिनक्स ही फुकट प्रणाली त्यांवर चालते, आणि गटाचं हिशोबाचं काम तिच्यावर होतं.

खरंच मोडीत काढायचं झालं तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका. बोर्डात शिसं असतं, तांब्यासाठी तारा जाळतात तो धूर विषारी असतो. ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत. पुण्यात कचरावेचक बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था ई-कचरा गोळा करते. फक्त देण्याआधी झाकण उघडून हार्ड डिस्क काढून ठेवा. तिच्यात आपल्या गटाच्या सगळ्या जणींचे आधार क्रमांक आणि पासबुकाचे फोटो असतात.