उद्याचा इतिहासकार आपल्या वस्तीत आला तर



वर्धापनदिन आला की आपण मागे वळून पाहतो. यंदा जरा पुढे पाहू या. शंभर-दोनशे वर्षांनी एखादा इतिहासकार चंद्रपूर-गडचिरोलीत येईल. तो आपल्या काळाचा काय निवाडा करील?

एक गोष्ट तो नक्की लिहील. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मक्रांती झाली आणि १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी आपल्या चांद्यात दीक्षा दिली. त्यानंतर अवघ्या ५१ दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होते, वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. म्हणजे ही दीक्षा दोन्ही जिल्ह्यांची. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचे नाव त्या सोहळ्याशी कायमचे जोडलेले आहे. पण मैदानात बसलेल्या साध्या माणसांचे काय? कोण कोणत्या गावाहून आले, शिदोरी काय बांधली, परतल्यावर गावाने कसे वागवले? हे सारे म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे. तेव्हाचे दहा वर्षांचे पोर आज ऐंशीच्या घरात आहे. ते गेले की ती पोथीच जळाली म्हणा.

लिहून न ठेवल्याने काय होते ते आपण भोगले आहे. अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ बाबासाहेबांनी १९४८ साली काढला, तेव्हा त्यांना दुसऱ्यांनी लिहिलेल्या पोथ्या उकराव्या लागल्या. आपल्या पूर्वजांच्या हाती लेखणीच नव्हती ना! उलट कार्ल्याची लेणी पाहा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका सुताराने अन् सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या एका उपासकाने तिथे दान दिले, दगडावर नाव कोरले. ते आजही वाचता येते.

इतिहासकार अडचणीचे प्रश्नही विचारील. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष निघाला, त्याचे इतके गट कसे झाले? चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट, वीज दूरदूर गेली, पण राख अन् धूर कोणाच्या छातीत गेला? गडचिरोलीचा बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद गिरणीत आला. मी गिरणी कामगार, म्हणून हे मला जास्त टोचते. ज्या कागदावर इतिहास छापतात, त्याचा बांबू तोडणाऱ्याचे नाव त्या इतिहासात सापडत नाही.

पण तो मेंढा-लेखाचेही लिहील. वनहक्क कायद्याखाली या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून ग्रामसभा स्वतःचा बांबू विकू लागली. हा हक्क फुकट पदरात पडला नाही. गावाने एकजूट ठेवली, सभा घेतल्या अन् कागदपत्रे नीट जपली.

म्हणून माझी विनंती आहे. विहारात एक जाड नोंदवही ठेवावी. दर रविवारी वंदनेनंतर दहावी-बारावीच्या मुलामुलींनी एका आजी-आजोबांजवळ बसून त्यांची हकीकत लिहून घ्यावी : दीक्षेची, मजुरीची, कोळसा खाणीत गेलेल्या शेताची, शिकलेल्या पहिल्या लेकीची. चांगले लिहा, आपसातली भांडणेही लिहा. खोटा मोठेपणा नको. आजींची नावे आजोबांच्या नावाखाली झाकू नका. वही भरली की दोन प्रती काढून वेगळ्या घरी ठेवा.

पहिल्या रविवारी वही अन् पेन मी आणतो. तुम्ही आपली म्हातारी माणसे घेऊन या.

नमो बुद्धाय! जयभीम!